सिस्टरबाईंच्या नावाची पाटी

गावच्या आरोग्य उपकेंद्राला सिस्टरबाईंचं नाव द्यायचं, हे चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत ठरलं. ते कागदावर यायला दीड वर्ष लागलं.

बाई म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्य सेविका. 22 वर्षं एकाच जागी. माझी धाकटी बहीण आणि माझा मुलगा, दोघंही त्यांच्या हातचे. ओढा चढला की एसटी बंद व्हायची, तेव्हा लशींचा डबा खांद्याला लावून त्या चालत वाड्या करायच्या. 2021 च्या एप्रिलमध्ये, पंचेचाळिशीच्या वरच्यांचं लसीकरण सुरू झालं त्याच धामधुमीत, कोविडने गेल्या.

15 ऑगस्ट 2023 च्या ग्रामसभेत विषय ठेवला. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जे कमी ते लागतात. मोजले तर एकसष्ट, त्यातले निम्मे झेंडावंदनाच्या जिलेबीसाठी थांबलेले. सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते, म्हणजे शंभर जणांना जे जमलं नसतं ते आठवड्याने चाळीस जणांनी करून टाकलं.

अर्थात भांडण झालंच. उपकेंद्राला जागा देणाऱ्यांचे नातू उठले, "जमीन आमच्या आजोबांची आणि नाव बाईंचं?" त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. मग एक काका म्हणाले, "पगार घेऊन काम केलं, त्यात नाव कसलं द्यायचं?" मी ठाण्याचा दाखला दिला. तिथल्या महापालिकेच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेला चिंतामणराव देशमुखांचं नाव आहे, आणि देशमुखही मुळात आयसीएसमधले नोकरदारच. काका म्हणाले, "अरे, ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते!" खरंय. पहिले भारतीय गव्हर्नर. आपल्याकडे इमारतीवर चढायचं तर पुढारी तरी असावं लागतं, नाहीतर मोठा साहेब तरी. मी गप्प बसलो. तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "तुमची सून अडली होती तेव्हा कोणता गव्हर्नर आला होता?"

विषय तिथेच मिटला. आजोबांचं नाव फाटकावर घालायचं ठरलं आणि ठरावाला अनुमोदन त्याच नातवाने दिलं.

खरी पंचाईत पुढे झाली. ग्रामसेवक ठराव लिहायला बसले आणि विचारलं, "पूर्ण नाव?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बावीस वर्षांत आम्ही त्यांना सिस्टरबाईच म्हणत आलो होतो. त्यांच्या मुलीला फोन करून नाव घेतलं. महिन्याभराने प्रस्ताव तालुक्याहून परत आला, कारण सेवापुस्तकात माहेरचं नाव आणि ठरावात सासरचं. शुद्धिपत्रक जोडलं.

इमारत जिल्हा परिषदेची, म्हणून मंजुरी सर्वसाधारण सभेची हवी. पण परिषदेची मुदत संपलेली, कारभार प्रशासकाकडे. एका टेबलावरचे साहेब म्हणाले, "सभाच नाही, तर मंजुरी कोण देणार?" या एका वाक्यावर मी तीन हेलपाटे घातले. चौथ्या खेपेला शेजारच्या टेबलावरून कळलं की सभेचे अधिकार प्रशासकालाच असतात. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती?

तोवर नोव्हेंबर 2023 उजाडला आणि दिल्लीहून निर्णय आला की अशा सगळ्या केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणायचं. पाटी ठरावीक, चिन्हंही ठरावीक. आमची फाइल शेरा मारून परत. मी चिडून जिल्ह्याला गेलो, तर तिथल्या एका वयस्कर क्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "इमारतीचं सोडा हो. खोलीचं मागा."

प्रसूती कक्ष! आधी वाटलं, गप्प बसवायला काहीतरी देतायत. बसमध्ये विचार केला, तर बाईंच्या रात्री त्याच खोलीत गेल्या होत्या. दर्शनी पाटीपेक्षा ती खोलीच त्यांची.

नवा ठराव केला. तो पोहोचतो तोच 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठली आणि पेरण्या आल्या, पेरण्यांनंतर गणपती. सही होणार म्हणेपर्यंत 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. मंजुरीचं पत्र हातात पडलं डिसेंबरमध्ये, दोन ओळींचं. सरकारने एक रुपया दिला नाही, आम्ही मागितलाही नाही. काळ्या ग्रॅनाइटची पाटी वर्गणीतून केली.

26 जानेवारी 2025 ला पडदा सरकवला. बाईंची मुलगी आली होती. पाटीवर सेवापुस्तकातलं नाव, तीन शब्दांत, अगदी बिनचूक. आमच्या शेजारची आजी पुढे आली आणि नातीला म्हणाली, "वाच गं." नातीने वाचलं.

"ही कोण?"

"अगं आजी, सिस्टरबाई!"

"मग तसं लिहायचं की," आजी म्हणाली आणि चप्पल बाहेर काढून खोली बघायला आत गेली.