जाड स्वे बार बसवताना

आजचा दिवस एका हॅचबॅकच्या पोटाखाली गेला. पुढचा स्वे बार, म्हणजे आपल्याकडचा स्टॅबिलायझर रॉड (डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा, वळणावर गाडीचा कल कमी करणारा), 22 मिमीचा काढून 24 मिमीचा बसवला. फरक 2 मिमीचाच, पण भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे सरळ 40 टक्क्यांहून जास्त!

वळणावर गाडी कमी कलते, हे खरं. पकड मात्र त्याने आपोआप वाढत नाही. पुढचा बार ताठ केला की भार बाहेरच्या पुढच्या टायरवर जास्त जातो आणि जोरात घेतलेल्या वळणात नाक बाहेर ओढलं जातं. म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्हला (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीला) मागचा बार आधी बघावा, असं माझं ठाम मत. तोही बेताचाच. ओल्या घाटात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची बाजू सुटते.

स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढतात, तिथे फरक जाणवत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की दणका पलीकडे पोचतो.

बसवताना लिंक रॉडचे (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे) नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, एक बाजू जॅकवर असताना नाही. बारला पीळ बसतो. नटातला स्टड (आट्यांचा दांडा) फिरू नये म्हणून त्याला अ‍ॅलन की (षटकोनी चावी) लावून धरा. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) नवेच घ्या. पॉलियुरेथेन बुशला (बार ज्यात बसतो त्या कडक प्लास्टिकसारख्या गादीला) सिलिकॉन ग्रीस हवंच, कोरडा बुश लवकरच करकरायला लागतो. आणि खडखड आली तर आधी लिंक रॉडचे बॉल जॉइंट हलवून बघा.