सर्टिफिकेट पक्ष्यांचं, तपासणी झाडांची: आमच्या कॉफीचा अनुभव

बर्ड फ्रेंडली कॉफी म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी दुर्बीण घेऊन येतं आणि पक्षी मोजून जातं. खरं तर मोजतात झाडं. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन कर्नाटकातल्या कोडगूत (कुर्ग) विराजपेटच्या बाजूला आले, सासरी बारा एकर रोबस्टा जातीची कॉफी आणि झाडांवर चढवलेली मिरी, आणि अर्ज करण्यापासून कागद हातात पडेपर्यंत सगळं मीच सांभाळलं म्हणून जे कळलं ते सांगते.

पक्ष्यांना जगता येईल अशा झाडांच्या सावलीत पिकवलेल्या कॉफीला मिळणारं हे सर्टिफिकेट अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेचं, आणि पहिली अटच ऑरगॅनिकची. कॉफीसारख्या बारमाही पिकाला ऑरगॅनिक व्हायला तीन वर्षं जातात, त्या काळात खर्च ऑरगॅनिकचा आणि भाव साध्या मालाचा, हे आधी घरात बसून नीट बोलून घ्या. तणनाशक बंद म्हणजे ब्रश कटर आणि माणसं. शेजारच्या एस्टेटमधून फवारा उडून येतो म्हणून त्या बाजूच्या ओळी बफर, म्हणजे मधला राखीव पट्टा, धरायच्या, त्यांची कॉफी वेगळी तोडायची, वेगळी वाळवायची, वेगळी लिहायची. शेणखत कुठून आणलं, कधी टाकलं, सगळं रजिस्टरला तारखेनिशी हवं.

रोबस्टाला भीती बेरी बोररची. तिळाहून बारीक काळा किडा, फळात भोक पाडून आतली बी पोखरतो, भारतात 1990 मध्ये निलगिरीत गुडलूरकडे पहिल्यांदा सापडला. औषध मारायचं नाही म्हटल्यावर तोडणी झाली की झाडावर आणि खाली जमिनीवर एकही फळ राहू द्यायचं नाही, कारण उरलेल्या फळातच तो पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो. जोडीला ब्रोका ट्रॅप, म्हणजे हा किडा पकडायचे सापळे, लावले. आणि पक्षी! कोस्टारिकात काही कॉफीच्या झाडांवर जाळ्या टाकून पक्षी बाहेर ठेवून बघितलं, तर जिथं पक्षी येत होते तिथं बोरर जवळजवळ निम्मा होता, हा अभ्यास 2013 चा. आमच्याकडे हिवाळ्यात हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून पर्ण वटवटे येतात, चिमणीपेक्षा लहान, दिवसभर पानंन्‌पानं तपासत फिरतात, आणि हे सांगितल्यावर सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

पण खरी लढाई सावलीची. अट अशी की फांद्या छाटल्यानंतरही किमान 40 टक्के आच्छादन राहिलं पाहिजे, मुख्य थर निदान 12 मीटर उंच, त्याच्या वर आणि खाली अजून थर, मुख्य जात सोडून दहा तरी प्रकारची झाडं, आणि शक्यतो देशी. सासरे म्हणाले, "अगं, रोबस्टाला ऊन लागतं, एवढी सावली अरेबिकाला ठीक." त्यांचं चूक नव्हतं, उत्पन्न थोडं कमी होतंच. मग आम्ही दोघं एकेक झाड वहीत लिहीत हिंडलो. नाणा, बेहडा, जांभूळ, फणस, शिसव, उंबर, पांगारा, म्हणजे आंबोलीच्या जंगलात भेटणारीच मंडळी. कुठल्या झाडाच्या ढोलीत राखी धनेश बसतो, कुठल्या वाळक्या फांदीत तांबट भोक पाडतो हे सासऱ्यांना तोंडपाठ, फक्त ते कधी कोणी विचारलंच नव्हतं.

वरच्या दोन एकरांत मात्र नुसता सिल्व्हर ओक. सरळसोट ऑस्ट्रेलियन झाड, मिरी छान चढते, आणि तोडून विकायला फारसा त्रास नाही. शिसव किंवा नाणा तोडायचा तर परवानग्या, आणि जमीन जर 'अनरिडीम्ड' असेल, म्हणजे तिच्यावरच्या झाडांची किंमत सरकारला भरलेली नसेल, तर त्या झाडावर हक्कच सरकारचा. देशी झाडं वाचावीत म्हणून केलेले नियम, आणि त्यामुळेच शेतकरी देशी झाड लावायला घाबरतो, हे मला फार लागतं. सावली आहे ना मग झालं, असं म्हणणाऱ्यांनी पांगारा फुलल्यावर त्याखाली उभं राहावं आणि मग सिल्व्हर ओकखाली, फरक कानांनी कळतो.

तपासणीला आलेले गृहस्थ फार शांत, ठिकठिकाणी थांबून वर बघायचे, उंची घ्यायचे, प्रश्न विचारायचे. बांडगूळ काढत नाही ना? वाळक्या फांद्या ठेवता का? बांडगूळ आमची माणसं वर्षानुवर्षं छाटत आली होती, पण त्याच्या फळांवर फुलटोचे जगतात म्हणून कॉफीला धोका नसेल तिथं आम्ही ते ठेवलं होतं. नदीचाही विषय निघाला, पल्परचं, म्हणजे फळाची साल काढणाऱ्या यंत्राचं, चिकट पाणी ओढ्यात गेलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि आमचा ओढा शेवटी कावेरीलाच मिळतो. आम्ही सगळी रोबस्टा फळासकट वाळवतो त्यामुळे ते पाणीच निघत नाही.

कागद मिळाला. बंगळुरूच्या कॉफी भाजून विकणाऱ्या एका छोट्या रोस्टरने भाव थोडा वर दिला, पण 2024 ला रोबस्टाचे दर असे चढले की त्या जास्तीच्या पैशांचं कोणाला काही वाटेना, आजूबाजूला तर सावली अजून विरळ करायला लागले. म्हणून सर्टिफिकेट घ्यायचं तर पैशाचं गणित मिरी, फणस सगळं धरून करा, एकट्या कॉफीवर ते बसत नाही.

आता वरचे दोन एकर. सिल्व्हर ओक एकदम काढला तर मिरी जाते आणि ऊन थेट कॉफीवर पडतं, म्हणून मधल्या जागांत उंबर, जांभूळ, नाण्याची रोपं लावलीत, ती डोक्यावर गेली की एकेक ओळ काढायची असं ठरलंय, आणि पहिली ओळ कुठली ते सासरे ठरवणार.