अंगणवाडीत न बोलणारे लेकरू

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या, अंगणवाडीत चार वर्षांचा एक मुलगा सात महिने एक शब्दही बोलला नव्हता. तो रोज यायचा, भिंतीला पाठ लावून बसायचा, खिचडी खायचा, ताटली स्वतः धुऊन जागेवर ठेवायचा आणि घरी जायचा. वजन वयाच्या मानाने बरोबर, उंची बरोबर, लसी पूर्ण; त्यामुळे आमच्या नोंदींनुसार त्याची काळजी करण्याचे काही कारण नव्हते. मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझ्या बीटमधल्या (माझ्याकडच्या अंगणवाड्यांतल्या) कमी वजनाच्या मुलांची नावे मला तोंडपाठ असत, पण न बोलणाऱ्या मुलांची यादी करावी, हे मला तोवर कधी सुचले नव्हते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला आले, तेव्हा डॉक्टरांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला आणि त्याला श्रवण तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. हे योग्यच झाले. मूल बोलत नसेल तर आधी त्याला ऐकू येते की नाही हे पाहायचे असते. ‘मोठा झाला की बोलेल’ असे म्हणत वर्ष-दोन वर्षे काढली, की शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ हातचा जातो. या मुलाचे कान उत्तम निघाले. मी घरी गेले, तेव्हा त्याची आजी हसून म्हणाली, “बाई, हा घरी घडीभर गप राहत नाही. तुमच्याच इथं कसा मुका होते?”

तो कोलामी बोलत होता. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा आहे. तिचे मराठीशी नाते नाही, शेजार आहे. आमची सेविका पलीकडच्या गावची, तिची बोली वऱ्हाडी, आणि गाणी पुस्तकी मराठीतली. मुलाच्या बाजूने पाहिले, तर सात महिने त्याच्याशी कोणी बोललेलेच नव्हते.

पुढचे काम केले ते मदतनीस बाईंनी. त्या त्याच पोडावरच्या. तोवर त्यांच्याकडे झाडलोट, पाणी आणि चूल एवढेच होते. आम्ही ठरवले की रोज अर्धा तास त्यांनी चार-पाच मुलांना घेऊन बसायचे आणि शिकवायचे काही नाही, फक्त बोलायचे. मी एकच पद्धत समजावून सांगितली होती: वस्तू किंवा चित्र पुढे ठेवायचे, ‘हे काय’ एवढ्यावर न थांबता ‘इथे काय चालले आहे, पुढे काय होईल’ असे विचारायचे, उत्तरासाठी थांबायचे, आणि मूल जे बोलेल त्यात दोन शब्द घालून ते त्याला परत द्यायचे. मुलांबरोबर चित्रपुस्तक पाहण्याच्या या संवादी पद्धतीवर अमेरिकेत 1988 साली अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे आईवडिलांनी महिनाभर असे केले, एवढ्यानेही मुलांच्या बोलण्यात फरक पडला. आमच्याकडे चित्रपुस्तके दोनच होती आणि त्यांतल्या एकात बर्फाचा माणूस होता. म्हणून बाईंनी शेतातून कापसाची बोंडे आणली. त्यांनी एक बोंड त्या मुलाच्या हातावर ठेवले आणि त्या गप्प बसल्या. त्याने ते उलटून पाहिले, नखाने उकलले आणि कोलामीत एक लांबलचक वाक्य बोलला. बाईंनी मला अर्थ सांगितला: “यात अळी आहे, हे वेचू नका.” गुलाबी बोंडअळीने त्या हंगामात सगळ्यांनाच रडवले होते, घरातली चर्चा त्याने नीट ऐकलेली होती.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून शाळापूर्व शिक्षण हा तिचा एक भाग आहे. प्रत्यक्षात मात्र वजनकाटा आणि खिचडी यांनी बाकी सगळे मागे सारले. मी आहाराचे महत्त्व कमी करत नाही. उपाशी लेकरू खेळत नाही. पण जमैकातल्या किंग्स्टन शहरातला एक अभ्यास मला विसरता येत नाही. 1986-87 मध्ये सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली 129 बालके निवडली. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाऊन घरगुती खेळण्यांनी कसे खेळावे आणि बोलावे हे आईला दाखवत, काहींना दोन्ही दिले आणि काहींना यातले काहीच नाही. सुरुवातीला आहाराचाही फायदा दिसला. पण पुढे मोठेपणी टिकला तो खेळाचा. वीस वर्षांनी त्या गटातल्या तरुणांची कमाई सुमारे 25 टक्के जास्त आढळली. मुले थोडीच होती, हे मान्य. तरीही महिन्याला वजनाचे शेकडो आकडे वर पाठवणाऱ्या बाईला विचारात पाडायला एवढे पुरे होते.

‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाई मोडकांचा. कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती, म्हणजे मूल जिथे आहे तिथे जाण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. आम्ही अंगण ठेवले आणि त्यात पाट्या वाटल्या. यात माझाही दोष आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अधिकारी येणार म्हणून मी तीन वर्षांच्या मुलांकडून ‘अ’ ते ‘ज्ञ’ घोकून घेतले होते, आणि शाबासकी मिळाल्याचा आनंदही मला झाला होता. पालकांनाही तेच हवे असते, कारण तालुक्याच्या गावी व्हॅनमधून जाणारी शेजारची मुले इंग्रजी कविता म्हणून दाखवतात. तीन-चार वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिलीपेक्षा चिंचोके उचलायला, माती मळायला अधिक तयार असतात, हे पालक मेळाव्यात सांगून पटत नाही; मुलांनी कालवलेला चिखल दाखवला तर थोडे पटते.

मारकुट्या, चावऱ्या मुलांबद्दल एवढेच सांगते की, धाक दाखवून ती धाक असेपर्यंतच शांत बसतात. असा मुलगा मारतो तेव्हा सगळे त्याच्याकडे बघतात, शहाण्यासारखा खेळत असताना कोणी बघत नाही. हे उलटे केले की बहुतेकांमध्ये महिन्या-दोन महिन्यांत फरक जाणवतो.

दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत मात्र आमचे सारे वेळापत्रक कोलमडते. आया पहाटेच रानात जातात, धाकटी मुले धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) झाडाच्या सावलीत असतात, आणि पटावर पंचवीस असली तरी बसायला आठ. त्या दिवसांत मदतनीस बाई दुपारी धुऱ्यावर जाऊन मुलांत बसत. हे काम कुठल्याही रकान्यात भरता येत नव्हते, म्हणून मी ‘गृहभेट’ असे लिहीत असे.

बीटच्या मासिक बैठकीला सेविकाच येत. निवृत्त होण्याआधीच्या वर्षी मी दोन बैठकींना मदतनिसांनाही बोलावले. पहिल्या बैठकीत त्या बाई अर्धा तास उभ्या राहून बोलल्या, आणि पुढच्या रांगेतल्या दोन सेविकांनी हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर कोलामी शब्द उतरवून घेतले. पहिला शब्द होता ‘ईर’, म्हणजे पाणी.