आकार: दोन रुपये चौदा पैसे

दुपारी पीककर्जाच्या कागदांसाठी सातबारा काढला. डिजिटल सहीच्या उताऱ्याला 15 रुपये, आणि त्यावर जमिनीचा आकार, म्हणजे सरकारी शेतसारा, 2 रुपये 14 पैसे. साऱ्यापेक्षा सारा दाखवणारा कागद सातपट महाग!

लोक पेपरातलं राशिभविष्य वाचतात तसा मी सातबारा वाचतो, कुणाचाही असो. भोगवटादार, पोटखराबा, इतर हक्कातला सोसायटीचा बोजा, काही सोडत नाही.

या आकाराचं मूळ इंदापुरात. तिथं आधी प्रिंगल नावाच्या इंग्रज साहेबानं कागदावर बारीक हिशेब करून सारा असा चढवला, की माणसं जमिनी टाकून परागंदा झाली. मग 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज मोजणी अधिकारी आले. त्यांनी निदान माती तरी पाहिली. काळी, तांबडी, मुरमाड, खोली किती, त्यावरून सोळा आण्यांत जमिनीची प्रत. 33 फुटी साखळी, 33 बाय 33 चा गुंठा. आज प्लॉटवाले ज्याचा भाव सांगताना डोळे मिचकावतात तो हाच.

आमचे आजोबा शेवटपर्यंत आण्यातच बोलायचे. विहिरीकडचा तुकडा बारा आणे, वरचा माळ चार. धाकटे काका सहा. बांधावरच्या हद्दीच्या दगडाला आजोबांनी शेंदूर फासून ठेवला होता. चुलतभाऊ दगड सरकवेल, देव कसा सरकवेल?

सारा 30 वर्षांसाठी बांधून दिला, पण रोख. पाऊस पडो न पडो, सरकारला नाणं हवं, आणि नाणं सावकाराच्या पेटीत. पुढं फेरआकारणीत सारा वाढला, कापसाचा भाव पडला, आणि 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर तुटून पडले. कर्जरोखे हुडकून जाळले. जमीन मोजणाऱ्याचं काही जळलं नाही. त्याचेच गट-हिस्से करून आपण अजून कोर्टात भांडतोय.

माझ्या उताऱ्यावर दोन्ही आत्या नाहीत. हक्कसोडपत्रावर त्यांनी अंगठे दिले त्या दिवशी घरी पुरण घातलं होतं, दोघींना लुगडी नेसवली. त्यांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. धाकटी अजून आहे. तिला आता विचारावं तर माझीही छाती होत नाही. कर्ज माझ्या नावावर निघायचंय.