सतराव्या वर्षीचे स्टार

माझा भाचा २०२१ ला एमएस करायला टेक्सास ए अँड एम ला गेला, गावाचं नावच कॉलेज स्टेशन, आणि सहा महिन्यांत त्याला अमेरिकन फुटबॉलचं असं वेड लागलं की दर रविवारी सकाळी इकडे बडोद्यात दांडिया बाजारात आमचा चहा व्हायच्या आत त्याचा फोन, मामा काल काय मॅच झाली माहितीये का (तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ). आधी मी नुसतं हो हो करायचो, मग बघायला लागलो, आणि आता मला खेळापेक्षा त्याच्या आधीची गोष्टच जास्त ओढते, ती म्हणजे रिक्रूटिंग, कॉलेजं शाळेतली पोरं आपल्या टीमसाठी उचलतात ते.

म्हणजे कसं, शाळेत अकरावी-बारावीत असलेल्या पोरांना तिकडे २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन वगैरे साइटवाले स्टार देतात. पाच स्टारवाली पोरं अख्ख्या देशात वर्षाला तीसेक, चार स्टारवाली तीन-चारशे, आणि त्याखाली हजारो. मग कुठल्या कॉलेजने किती स्टारवाली पोरं उचलली त्यावरून कॉलेजांचं पण रँकिंग. अजून एक पण मॅच झालेली नसते आणि लोक नंबर एक झालो म्हणून नाचत असतात.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमचा भाचा असाच नाचत होता. ए अँड एम ची बॅच देशात पहिली, नुसती पहिली नाही तर २४७स्पोर्ट्सच्या हिशोबाने तोपर्यंतची सगळ्यात जास्त मार्कांची, पाच स्टारवालीच सात-आठ. मामा, आता दोन-तीन वर्षांत चॅम्पियन, लिहून घ्या. आणि १० सप्टेंबरला त्याच्याच कॉलेजच्या स्टेडियममध्ये, जिथे एक लाखाच्या वर माणूस बसतो, अ‍ॅपलाचियन स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजने त्यांना १७-१४ ने हरवलं. रविवारी फोन आला, आवाज एकदम बसलेला, मामा पती गयुं, म्हणजे संपलं. (बडोद्यात वाढलेलं पोर, दुःख झालं की गुजरातीच येतं तोंडात.) त्या सीझनला ५ जिंकल्या ७ हरल्या, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कोच जिंबो फिशरला घरी पाठवलं, करार मोडल्याचे साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागलं ते वेगळं.

आता कोणी म्हणेल मग रँकिंग सगळं फालतू. मीही तेव्हा भाच्याला तेच म्हटलं होतं, आणि ते चुकीचं होतं. त्याच बॅचमधले वॉल्टर नोलन आणि शेमार स्टुअर्ट २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (एनएफएल ही तिकडची व्यावसायिक लीग, ड्राफ्टमध्ये तिच्या टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात) पहिल्याच राउंडला गेले, सोळावा आणि सतरावा नंबर, लागोपाठ. म्हणजे साइटवाल्यांनी पोरं बरोबर ओळखली होती. पण नोलन तोपर्यंत कॉलेज बदलून ओल मिसला (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) गेला होता, बॅचमधले अजूनही कितीतरी पांगले, आणि स्टुअर्ट तिथेच राहिला तरी तीन वर्षांत त्याचे सॅक, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आत पाडणं, मिळून साडेचार. माल एक नंबर होता, टीम झालीच नाही.

आणि माल नसेल तर काय होतं तेही त्याच सीझनला, त्याच टेक्सासात दिसलं. फोर्ट वर्थचं टीसीयू, स्टारच्या हिशोबाने साधंच कॉलेज, एकेकाला हरवत हरवत फायनलला पोचलं, मी पूर्ण त्यांच्या बाजूने, आणि ९ जानेवारी २०२३ ला जॉर्जियाने त्यांना ६५-७ ने धुतलं. पासष्ट सात! जॉर्जिया म्हणजे ज्यांची एका वर्षात, २०२२ च्या ड्राफ्टला, १५ पोरं एनएफएलमध्ये गेली होती ती टीम. तिकडे बड एलियट नावाच्या पत्रकाराचा एक हिशोब आहे, ब्लू चिप रेशो, की मागच्या चार बॅचमध्ये निम्म्याहून जास्त पोरं चार-पाच स्टारवाली असल्याशिवाय टीम चॅम्पियन होत नाही, आणि हा हिशोब वर्षानुवर्षं खरा ठरत आला होता. निम्मे असले की जिंकालच असं तो म्हणत नाही हं. नसतील तर विसरा, एवढंच.

अजून एक गोष्ट लोक नेहमी फेकतात की सुपर बोलमध्ये (एनएफएलची फायनल) बघा, कितीतरी तीन स्टारवाले नाहीतर बिनस्टारवाले खेळतात. अरे पण ते आहेतच हजारोंनी! पाच स्टारवाल्या तीसेक पोरांतले साधारण निम्मे किंवा थोडे जास्तच ड्राफ्ट होतात, तीन स्टारवाल्या शंभरात दहा पण नाही होत. नुसती मुंडकी मोजून काय कळणार, कितीतले किती ते बघायला पाहिजे ना. फक्त एक खोट मला अजून खटकते, की अलाबामासारख्या कॉलेजने एखाद्याला ऑफर दिली की त्याचा स्टार वाढतो, मग तोच वाढलेला स्टार धरून अलाबामाचं रँकिंग वाढतं, असं बरेच लोक म्हणतात आणि मला ते पटतं.

पण घोळक्याचं गणित बरोबर आलं म्हणून एका पोराचं येतं असं नाही, आणि इथे मी गप्प बसू शकत नाही. माझा मुलगा चौदा वर्षांचा असताना, २०१९ मध्ये, एका निवड चाचणीला गेला होता, फास्ट बोलर, रोज पहाटे उठून धावायचा. तिथे त्याला सहा बॉल टाकायला दिले आणि सांगितलं उंची नाही. बस. पुढच्या तीन वर्षांत पोरगा सात इंच वाढला, आज पाच अकरा आहे, पण बॉल त्याने तेव्हाच सोडला, किट अजून माळ्यावर आहे. मी जे.जे. वॉटबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. शाळेतून दोन स्टार, सेंट्रल मिशिगनला गेला, तिथून सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणजे बिनस्कॉलरशिपचा, मध्ये पिझ्झा पोचवायचं काम केलं, आणि पुढे एनएफएलमध्ये तीनदा डिफेन्सचा सर्वोत्तम खेळाडू, २०१२, २०१४, २०१५. सतराव्या वर्षी शरीरच पूर्ण झालेलं नसतं हो, चौदाव्याची तर गोष्टच सोडा.

म्हणूनच मला तिकडे आत्ता जे चाललंय ते फार मोठं वाटतं. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंची यादी, २०२१ पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे कोचला आता सतराव्या वर्षीच्या अंदाजावरच सगळं लावायची गरज राहिली नाही, बावीस वर्षांचा, तीन सीझन खेळून दाखवलेला पोरगा सरळ घेता येतो. इंडियाना बघा, २०२३ ला १२ पैकी ९ हरलेली टीम. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला, आधीच्या कॉलेजहून, जेम्स मॅडिसनहून, आपली बरीच पोरं घेऊन आला, पहिल्याच वर्षी ११ जिंकल्या, आणि २०२५ च्या सीझनला १६ पैकी १६. ब्लू चिपच्या त्या निम्म्याच्या जवळपासही नसताना. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा, फर्नांडो मेंडोझा, शाळेत दोन-तीन स्टारवाला, कॅलिफोर्नियाहून बदलून आलेला, त्याच सीझनला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, घेऊन गेला.

इंडियानाची फायनल आपल्याकडे २० जानेवारी २०२६ ला मंगळवारी पहाटे सुरू झाली, मायामीबरोबर. बाहेर अंधार, उत्तरायणचे फाटके पतंग समोरच्या तारांवर तसेच, भाचा व्हिडिओ कॉलवर आणि मी गोधडीत लॅपटॉप घेऊन. चौथ्या क्वार्टरला चौथा डाउन, म्हणजे पुढे सरकायचा शेवटचा प्रयत्न, सगळ्यांना वाटलं किक मारतील, आणि मेंडोझा स्वतः बॉल घेऊन घुसला, धडका खात एंड झोनमध्ये जाऊन पडला. भाचा ओरडला तशी घरातले सगळे दचकले. मुलगा कॉलेजला निघायच्या तयारीत होता, दारात उभा राहून बघत होता, म्हणाला, बाबा ह्याला किती स्टार होते?

दोन का तीन, मी म्हटलं.

बॅग खाली ठेवून बसला तो, २७-२१ होऊन मॅच संपेपर्यंत उठला नाही.