हेरकादंबरी लिहिताना

पुण्यातील एका संरक्षण संशोधन संस्थेतून गोपनीय कागद बाहेर जात आहेत, एवढ्या बीजावर मी कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा पाठलाग, गोळीबार आणि परदेशी विमानतळ यांना तीत थारा द्यायचा नाही, हे आधीच ठरवले होते. मग वाचकाला जागेवर खिळवून ठेवायचे कशाने, याचे उत्तर मला अदोल्फ तोल्काचेव या सोविएत अभियंत्याच्या प्रकरणात सापडले.

मॉस्कोतील एका रडार संशोधन संस्थेत नोकरीस असलेल्या तोल्काचेवने 1977 साली एका पेट्रोल पंपावर अमेरिकी अधिकाऱ्याला गाठून स्वतःहून संपर्क साधला आणि पुढे काही वर्षे तो सीआयएला कागदपत्रे पुरवत राहिला. दुपारच्या सुट्टीत फाइल कोटात दडवून घरी न्यायची, खुर्चीच्या पाठीला कॅमेरा पक्का बसवून पानांची छायाचित्रे काढायची आणि सुट्टी संपायच्या आत ती जागच्या जागी ठेवायची, अशी त्याची रीत होती. पुढे संस्थेने नियम केला की, गोपनीय फाइल हवी असेल तर इमारतीचा पास जमा करावा; आणि पासाशिवाय फाटकाबाहेर पडता येत नसे. अखेर सीआयएला त्याच्यासाठी हुबेहूब नकली पास बनवावा लागला. कुठलीही बंदूक न रोखता माणसाचा श्वास कोंडावा, तो असा!

माझ्या कादंबरीत असाच नियम सूचनाफलकावर लागतो, तो नायक गणपतीसाठी कोकणात गेलेला असताना. वाचकाला ती सूचना दिसते, नायकाला दिसत नाही. त्यामुळे सुट्टीवरून परतून तो डबा उघडतो, सहकाऱ्यांना खिरापत वाटतो, साहेबांची चौकशी करतो, तेव्हा त्या साध्या गप्पांतही धास्ती राहते. या प्रकरणावर मी सर्वाधिक मेहनत घेतली. पाषाणहून औंधला स्कूटरने जाऊन-येऊन वेळ मोजली, कारण दुपारच्या सुट्टीचे गणित चुकले, तर पुणेकर वाचक पहिल्याच पानावर मला पकडणार, याची खात्री होती.

फितुरीचे कारण एकच ठेवले असते, तर पात्र कागदी झाले असते. तोल्काचेवच्या पत्नीच्या आईला स्टालिनच्या काळात ठार मारण्यात आले होते आणि वडिलांना श्रमछावणीत धाडले होते; त्याच्या मनातील राग खराच होता. पण तो पैसेही मागत असे आणि मुलासाठी पाश्चात्त्य रॉक संगीताच्या तबकड्याही. माझ्या मते कुठल्याही भाषणबाजीपेक्षा या तबकड्यांमुळेच तो माणूस जिवंत वाटतो. शिवाय 1985 मध्ये तो पकडला गेला, त्याला त्याची स्वतःची चूक कारणीभूत नव्हती; सीआयएने नोकरीवरून काढलेल्या एका माणसाने त्याचे नाव उघड केले होते. म्हणून माझ्या नायकावरही संकट येते, ते त्याची नजर नसलेल्या दिशेने.

संपादकांनी शेवटी एखादी चकमक सुचवली. ती मी नाकारली. रडारची लांबलचक माहिती छाटण्याची त्यांची सूचना मात्र आनंदाने मानली. जावक नोंदवहीचे रकाने तेवढे जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण शेवटच्या प्रकरणात तपास अधिकाऱ्याचे बोट ज्या नोंदीवर थांबते, ती फाइल परत आल्याच्या वेळेची आहे.