शंभरने सुरू होणारा पत्ता

मे महिना, हिंगण्याच्या पलीकडचं शेत. नऊ वाजताच ऊन डोक्यावर आलं होतं. दोन भावांमध्ये धुऱ्याचा वाद होता आणि आम्हाला मोजून खुंट्या ठोकायच्या होत्या. मोजणी जीपीएसची: एका जागी ठेवलेला बेस आणि पोलवर फिरवायचा रोव्हर. बेस रोव्हरला चुकीची दुरुस्ती, म्हणजे करेक्शन, पाठवत राहतो. दोघांच्या मधे टेकडी, यूएचएफ रेडिओ पलीकडे पोचेना. म्हणून दोन्हीकडे सिमचे मॉडेम लावले.

बेसचा मॉडेम जुना, 3जीचा. त्यात घातलेलं सिम फक्त 4जीवर चालणारं, त्यामुळे त्यानं नेटवर्कच धरलं नाही. हे निघण्याआधीच बघायला हवं होतं. दुसरं सिम घातलं, त्याचा एपीएन (कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव) भरला, तेव्हा मॉडेम 2जीवर लागला. करेक्शनला तेवढं पुरतं. सेकंदाला एखादा केबीसुद्धा फार झाला.

"साहेब, टॉवर तर फुल दाखवून राहिला," हेल्पर म्हणाला. तरी रोव्हर 'सिंगल'वरच, म्हणजे करेक्शनविना. दीड तास पोर्ट बदल, पासवर्ड तपास, मॉडेम बंद-चालू कर, हेच चाललं. धाकटे काकाजी म्हणाले, "असंच ठोका ना आता." पण सिंगलमध्ये दोन-तीन मीटरची चूक सहज होते, आणि धुरा होता हातभर रुंद. मी नाही म्हटलं.

शेवटी स्क्रीनवर दुपट्ट्याची सावली धरून बेसचा आयपी पत्ता वाचला. 100.72 ने सुरू होणारा. तिथंच उलगडा झाला. 100.64 ते 100.127 हा पट्टा मोबाइल कंपन्या आपल्या आतल्या जाळ्यासाठी वापरतात. एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहक वाटून घेतात. बेस बाहेर फोन लावू शकतो, पण बाहेरून त्याला कोणी लावू शकत नाही. आणि आमचा रोव्हर दीड तास नेमकं तेच करत होता.

ऑफिसच्या सर्व्हरला स्थिर सार्वजनिक पत्ता आहे, त्यावर एनट्रिप कास्टर, म्हणजे बेसचं करेक्शन घेऊन रोव्हरला देणारा प्रोग्राम, चालतो, पोर्ट 2101. बेसला तिथं करेक्शन पाठवायला लावलं, रोव्हरला तिथूनच घ्यायला. दोघंही बाहेर जाणारे, त्यामुळे अडवणार कोण? सिंगल, मग अर्धवट जुळलेला फ्लोट, आणि मग सेंटिमीटरपर्यंत नेणारा फिक्स. करेक्शनचं वय दोन सेकंद. आधी मोजलेल्या दगडावर पोल टेकवला, बुडबुडा मधे आणला. फरक दीड सेंटिमीटर.

खुंटी ठोकली तर मोठे काकाजी म्हणाले, "पुन्हा एकदा मोजा ना, बापू." त्यांचं बरोबर होतं. रोव्हर पूर्ण बंद केला, पुन्हा सुरू केला, नव्यानं फिक्स येऊ दिला आणि पोल त्याच खुंटीवर ठेवला. फरक दोन सेंटिमीटर. धाकट्यांनी वाकून स्क्रीनवरचा आकडा स्वतः वाचला आणि हेल्परच्या हातातून पुढची खुंटी घेतली.